ऑनलाइन मिळणारी स्वस्त बेस गिटार: घ्यावी का, आणि घरी आल्यावर काय तपासावं, काय जुळवावं

आठ-दहा हजारांची बेस गिटार ऑनलाइन मागवावी का, या प्रश्नाचं उत्तर हेडस्टॉकवर (गिटारच्या वरच्या टोकावर) कुणाचं नाव छापलंय यावर फारसं ठरत नाही. ते तीन गोष्टींवर ठरतं: नेक (लांब दांडा) सरळ आहे का, ट्रस रॉड (नेकचा बाक जुळवणारी आतली सळई) काम करतो का आणि ब्रिज (तारांची खालची टोकं धरणारा भाग) बरोबर जागी बसवलाय का. हे तिन्ही ठीक असेल तर बाकीच्या जवळजवळ सगळ्या उणिवा घरी किंवा थोड्या खर्चात दूर होतात. यातलं एक जरी बिघडलेलं असेल, तर त्या गिटारवर पुढे एक रुपयाही घालू नये. अडचण अशी की यातली एकही गोष्ट फोटोत दिसत नाही, आणि सोय अशी की हातात आल्यावर तिन्ही अर्ध्या तासात तपासता येतात. म्हणून स्वस्त गिटारची खरी वॉरंटी म्हणजे परत करायची मुदत. ती सात दिवसांची असेल तर सातव्या दिवसापर्यंत थांबू नका, पहिल्याच संध्याकाळी तपासणी उरका.

स्वस्त म्हणजे नक्की कुठे काटकसर केलेली असते

आजकाल स्वस्त गिटारचंही लाकूड संगणकावर चालणाऱ्या यंत्रावर कापलं जातं. त्यामुळे फ्रेटच्या (नेकवरच्या आडव्या धातूच्या पट्ट्यांच्या) खाचा, नेकचा खोबणीत बसणारा भाग, पिकअपचे (तारांची कंपनं टिपणाऱ्या भागाचे) कप्पे हे बहुतेक वेळा अचूक असतात. पैसे वाचवलेले असतात ते हातकामात: फ्रेटची टोकं घासणं, नट (नेकच्या वरच्या टोकाची, तारांच्या खाचा असलेली पट्टी) नीट कापणं, तारांची उंची लावणं, शेवटची तपासणी. त्याखालोखाल सुट्या भागांत: ट्यूनर (तारा ताणायच्या खुंट्या), पॉट (व्हॉल्यूम-टोनची बटणं), जॅक (केबल लावायची जागा), तारा. म्हणजे कारखान्याने जे तास वाचवले, ते तुम्ही घालायचे किंवा लुथियरला (गिटार दुरुस्त करणाऱ्या कारागिराला) पैसे देऊन घालून घ्यायचे. ही तयारी असेल तर सौदा चांगला. खोक्यातून काढून थेट वाजवायची अपेक्षा असेल तर थोडं थांबून जास्त पैसे जमवलेले बरे.

हिशेब असा मांडा. गिटार 9,000. तारांचा चांगला संच साधारण 1,500 ते 2,500. लुथियरकडून सेटअप (बाक, तारांची उंची, सूर यांची जुळवणी) करून घेतला तर शहराप्रमाणे 1,000 ते 2,000. केबल आणि पट्टा धरून आणखी हजारभर. एकूण तेरा-चौदा हजार झाले. आयबानेझ जीएसआर 180, यामाहा टीआरबीएक्स 174, कोर्टची ॲक्शन मालिका किंवा स्क्वायरची सुरुवातीची मॉडेल्स नवीन घेतली तर साधारण पंधरा ते पंचवीस हजारांत येतात, आणि वापरलेली तेरा-चौदा हजारांत मिळू शकतात. हातात खरोखर चौदा हजार असतील आणि वापरलेली गिटार पाहायला बरोबर एखादा जाणकार येत असेल, तर आमचं मत सरळ आहे: वापरलेली घ्या. दहाच्या आतच भागवायचं असेल, किंवा जवळपास वापरलेलं काही मिळतच नसेल, तर ऑनलाइन स्वस्त गिटार हा योग्य पर्याय आहे. सहा-सात हजारांखालच्या बेसपासून मात्र लांब राहा. त्या भावात काटकसर हातकामापाशी थांबत नाही, ती नेकपर्यंत पोहोचते. परदेशी संकेतस्थळांवरची स्वस्त गिटारही पाठवणावळ, कस्टम ड्यूटी आणि जीएसटी धरल्यावर स्वस्त राहत नाही. शिवाय ती परत पाठवणं जवळपास अशक्य.

जाहिरात वाचताना

पहिल्यांदा स्केल लेंग्थ शोधा, म्हणजे नटपासून सॅडलपर्यंत (ब्रिजवर तार टेकते तिथपर्यंत) तारेची वाजणारी लांबी. पूर्ण आकाराच्या बेसला ती 34 इंच (864 मिमी) असते, शॉर्ट स्केलला 30 इंच (762 मिमी). बारा-तेरा वर्षांच्या मुलासाठी किंवा लहान हातांसाठी शॉर्ट स्केल उत्तम, पण तिला ताराही शॉर्ट स्केलच्या लागतात आणि त्या सगळीकडे मिळत नाहीत. हा आकडा दिलेलाच नसेल तर विक्रेत्याला विचारा. उत्तर आलं नाही तर ती गिटार सोडा.

ट्रस रॉड ‘ॲडजस्टेबल’ असल्याचा उल्लेख हवाच. पिकअपच्या बाबतीत, 1951 साली अमेरिकन कंपनी फेंडरने प्रिसिजन बेस आणली आणि 1957 साली तिला दोन तुकड्यांचा पिकअप मिळाला. तोच साचा आज ‘पी’ नावाने स्वस्तात सर्वत्र मिळतो. तो स्वतःच गुणगुण दाबून टाकणारा पिकअप असल्याने स्वस्त वायरिंगमध्येही शांत राहतो. पहिली गिटार घेणाऱ्याने ‘पी’ किंवा ‘पीजे’ (एक ‘पी’ आणि एक ‘जे’, म्हणजे फेंडरच्या जॅझ बेससारखा पिकअप) घ्यावी. दोन ‘जे’ पिकअपवाल्या गिटारमध्ये एकच पिकअप चालू ठेवला की थोडी गुणगुण येतेच, तो बिघाड नव्हे.

पाच तारांची स्वस्त बेस घेऊ नका. पाचवी बी तार सुमारे 31 हर्ट्झवर वाजते. ती खणखणीत वाजायला नेक ताठ आणि जोड घट्ट लागतात, आणि नेमक्या त्याच गोष्टी या भावात मिळत नाहीत. तार नुसती लोंबते.

लाकडाच्या नावांवरून फार ताण घेऊ नका. पॉप्लर, बासवुड ही बॉडीसाठी योग्य लाकडं आहेत. फ्रेटबोर्डला ‘इंडियन लॉरेल’ लिहिलेलं असेल तर तो आपला ऐन, शिसवीच्या जागी हल्ली बराच वापरतात आणि चांगला टिकतो. शेवटी परतीची अट नीट वाचा: पैसे परत मिळणार की फक्त बदलून मिळणार, आणि परत पाठवायचा खर्च कुणाचा. ‘फक्त बदलून’ असेल तर दुसरी गिटारही त्याच ढिगातली येणार हे धरून चाला.

खोकं उघडल्यापासून पहिला अर्धा तास

सीलबंद खोकं सर्व बाजूंनी दाखवत, मग उघडताना, असा सलग व्हिडिओ घ्या. बिल आणि सगळं पॅकिंग जपून ठेवा. ट्रकमधून तापून किंवा गारठून आलेली गिटार दोन-तीन तास खोलीत तशीच राहू द्या, मग तारा सुरात लावा: जाड तारेपासून ई, ए, डी, जी. ई तार 41 हर्ट्झची असल्याने मोबाइलचा माइक ती नीट पकडत नाही. बाराव्या फ्रेटवर बोट हलकं टेकवून हार्मोनिक वाजवा, ट्यूनर ॲपला ते लगेच समजतं. सूर लावल्याशिवाय पुढची कुठलीही मोजणी करू नका, कारण चार तारांचा मिळून जवळपास 80 किलोचा ताण नेकवर येतो आणि तो नसताना नेकचा आकार वेगळाच असतो.

अवजारं थोडीच लागतात: मापपट्टी, अर्ध्या मिलिमीटरच्या खुणांची स्टीलची पट्टी, एटीएम कार्ड आणि फीलर गेज (बारीक फट मोजायच्या पातळ पट्ट्या). हा गेज ऑटोमोबाइलच्या दुकानात मिळतो, गॅरेजवाले टॅपेट सेट करायला वापरतात तोच.

आधी पीळ पाहा. हेडस्टॉकच्या बाजूने एक डोळा मिटून नेकवरून ब्रिजकडे नजर टाका. सगळे फ्रेट एकमेकांना समांतर दिसले पाहिजेत. पहिला फ्रेट एका बाजूला आणि बारावा दुसऱ्या बाजूला कललेला दिसला तर नेकला पीळ आहे. तो ट्रस रॉडने निघत नाही. गिटार परत करा.

मग ट्रस रॉड. सोबत आलेली ॲलन की रॉडच्या टोकाच्या नटमध्ये पूर्ण आत बसते का ते पाहा. सैल बसत असेल तर जोर लावू नका, कडा झिजल्या की नट निकामी होतो. योग्य मापाची की घ्या (बहुधा 4 किंवा 5 मिमी). पाव फेरा सोडा, पुन्हा सूर लावा आणि नेकचा बाक वाढला का ते मोजा. मोजायची पद्धत खाली दिली आहे. मग पाव फेरा परत आवळा. फिरवूनही बाक बदलत नसेल, किंवा रॉड नुसताच गरगर फिरत असेल, तर परत.

तिसरं, ब्रिजची जागा. 34 इंचांच्या बेसवर नटच्या आतल्या कडेपासून बाराव्या फ्रेटपर्यंत 432 मिमी भरले पाहिजेत. बाराव्या फ्रेटपासून जी तारेच्या सॅडलपर्यंत साधारण 433 ते 435, आणि ई तारेच्या सॅडलपर्यंत 435 ते 439. सॅडल मागे-पुढे सरकायला दोन्हीकडे थोडी जागा उरलेली हवी. सॅडल अगदी टोकाला नेऊनही सूर जुळत नसेल तर ब्रिजच चुकीच्या जागी आहे. त्यासाठी लाकडात नवी भोकं पाडायची वेळ आणू नका.

शेवटच्या फ्रेटपाशी ई आणि जी तारा फ्रेटबोर्डच्या कडेपासून सारख्या अंतरावर आहेत का तेही पाहून घ्या. एक तार कडेवरून घसरायला आली असेल, तर तारा ढिल्या करून नेकचे चार स्क्रू अर्धा फेरा सैल करा, नेक हाताने योग्य बाजूला ढकला आणि पुन्हा आवळा. बऱ्याचदा एवढ्याने भागतं. हेडस्टॉक जिथे वळतो तिथे आणि नेकच्या खोबणीभोवती टॉर्च मारून चीर शोधा. रंगावरची केसासारखी रेघ चालते. नखाला लागणारी चीर असेल तर परत.

सेटअप: क्रम बदलू नका

बाक, मग तारांची उंची, मग सूरजुळणी (सगळ्या फ्रेटांवर स्वर बरोबर लागणं), शेवटी पिकअप. प्रत्येक पायरी पुढचीचं माप बदलते, म्हणून हा क्रम. उलट्या क्रमाने गेलात तर सगळं पुन्हा करावं लागेल.

पहिल्या फ्रेटवर कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा) लावा (नसेल तर कुणाला तरी दाबून धरायला सांगा) आणि ई तार शेवटच्या फ्रेटवर दाबा. आता तारच सरळ पट्टीचं काम करते. आठव्या फ्रेटच्या माथ्यापासून तारेच्या खालच्या बाजूपर्यंत 0.30 ते 0.35 मिमी फट हवी. स्वस्त गिटारवर फ्रेट थोडे वर-खाली असतात, तिथे 0.40 ठेवली तरी चालेल. फट जास्त असेल तर रॉड घड्याळाच्या दिशेने आवळा, कमी असेल किंवा मुळीच नसेल तर उलट सोडा. एका वेळी पाव फेऱ्याहून जास्त फिरवू नका. प्रत्येक वेळी पुन्हा सूर लावा, दहा-पंधरा मिनिटं थांबा, मोजा. आवळताना तारा थोड्या ढिल्या केल्या तर रॉडवर जोर कमी येतो. रॉड कडक लागला आणि फट अजून हवी तेवढी कमी झाली नसेल तर तिथेच थांबा. रॉड तुटला तर स्वस्त गिटारची दुरुस्ती परवडत नाही.

आता तारांची उंची. सतराव्या फ्रेटवर, तार न दाबता, ई तारेखाली 2.4 मिमी आणि जी तारेखाली 2 मिमी हे फेंडरच्या सेटअपचं माप. नव्या स्वस्त गिटारवर 2.8 आणि 2.3 ने सुरुवात करा आणि खरखर येईपर्यंत हळूहळू खाली या. सॅडलचे दोन्ही बारीक स्क्रू सारखे फिरवा, म्हणजे सॅडल कलणार नाही. मधल्या दोन तारा फ्रेटबोर्डच्या गोलाईला धरून ठेवा.

काही वेळा सॅडल तळाला टेकतं तरी तारा उंचच राहतात. याचा अर्थ नेकचा कोन कमी आहे. तारा काढा, नेक उघडा आणि खोबणीच्या ब्रिजकडच्या टोकाला पूर्ण रुंदीची व्हिजिटिंग कार्डाची पट्टी ठेवा. नेक परत बसवताना स्क्रू आधी उलटे फिरवा. जुन्या आट्यांत हलकासा टक् लागला की मगच आवळा, नाहीतर लाकडात नव्या आट्या पडून पकड जाते. एवढ्याशा पट्टीने तारा चांगल्या खाली येतात. पट्टी एकावर एक रचत जाऊ नका.

खरखर कुठे येते यावरून कारण कळतं. पहिल्या ते पाचव्या फ्रेटदरम्यान येत असेल तर बाक कमी आहे. बाराव्याच्या पुढे येत असेल तर तारा खाली आहेत. फक्त मोकळी तार खरखरत असेल तर नटची खाच खोल गेलीय. एकाच जागी येत असेल तर त्याच्या पुढचा फ्रेट वर आलेला असतो. तो शोधायला कार्डाची सरळ कड तीन फ्रेटांवर टेकवून डोलवा. डोललं की मधला उंच आहे. पहिल्या तीन फ्रेटांना कार्ड पुरत नाही, तिथे स्टीलची पट्टी नटला जवळजवळ टेकवून ठेवा. दहाव्या फ्रेटपासून पुढे कार्डाची आखूड बाजू वापरा, नाहीतर ते चार फ्रेटांवर टेकून फसवेल. उंच फ्रेट नुसता उचललेला असेल तर प्लॅस्टिकच्या हातोडीने हलकं ठोकून बसतो. पुन्हा वर आला तर लुथियरकडे न्या. सगळेच फ्रेट वर-खाली असतील तर लेव्हलिंगचा (सगळे फ्रेट एका पातळीत आणायचा) खर्च गिटारच्या किमतीच्या तुलनेत फार होतो, आणि हेही परत करायला पुरेसं कारण आहे.

फ्रेटची टोकं हाताला करवतीसारखी लागत असतील तर फ्रेटबोर्डच्या कडेला मास्किंग टेप लावा. बारीक कानशीने प्रत्येक टोक तिरकं आणि नंतर गोल घासा, शेवटी 600 आणि 1000 नंबरचा पॉलिश पेपर फिरवा. एका संध्याकाळचं काम आहे, आणि गिटार हातात घेतल्यावर सगळ्यात जास्त फरक याचाच जाणवतो.

नट तपासायला तार तिसऱ्या फ्रेटवर दाबा आणि पहिल्या फ्रेटवर पाहा. तिथे एक-दोन कागद जातील एवढीच फट हवी. डोळ्यांना स्पष्ट दिसणारी फट असेल तर नट उंच आहे, आणि पहिल्या फ्रेटवरचा एफ नेहमी चढा लागेल. स्वस्त बेसवर हा दोष फार सर्रास आढळतो. नवशिक्याला वाटतं आपलंच बोट चुकतंय. नटच्या खाचा कापायच्या कानशी महाग असतात, एका गिटारसाठी त्या घेऊ नका. लुथियर हे काम थोड्या पैशांत करतो. खाच खोल गेली असेल तर खाण्याचा सोडा टाकून वर सुपर ग्लूचा एक थेंब सोडतात आणि घट्ट झाल्यावर खाच पुन्हा कापतात.

सूरजुळणीसाठी बाराव्या फ्रेटवरचं हार्मोनिक आणि त्याच फ्रेटवर दाबून वाजवलेला स्वर ट्यूनर ॲपवर ताडून पाहा. दाबलेला स्वर चढा असेल तर सॅडल मागे, नेकपासून लांब न्या. उतरता असेल तर पुढे आणा. जुन्या, गंजलेल्या तारांवर हे कधीच नीट जमत नाही, म्हणून आधी तारा बदला.

सर्वात शेवटी पिकअपची उंची: तार शेवटच्या फ्रेटवर दाबून पिकअपच्या चुंबकापासून जाड तारेखाली सुमारे 3.2 मिमी आणि बारीक तारेखाली 2.4 मिमी. पिकअप फार जवळ आला तर चुंबक तारेला खेचतो आणि स्वर डगमगतो.

तारा बदलताना

45-65-85-105 (तारांची जाडी, इंचाच्या हजाराव्या भागांत) हा नेहमीचा संच घ्या. एका वेळी एकच तार काढा, म्हणजे नेकवरचा ताण एकदम जात नाही. नवी तार कापायच्या आधी, जिथे कापायची तिथून आतल्या बाजूला पक्कडीने काटकोनात वाकवा. न वाकवता कापली तर वरचं वेटोळं गाभ्यापासून सैल होतं आणि तार कायमची बोथट वाजते. ट्यूनरवर दोन ते तीन फेरे पुरेत, वरून खाली उतरणारे.

वायरिंग

व्हॉल्यूम फिरवताना चरचर होत असेल तर पॉटमध्ये कॉन्टॅक्ट क्लीनर मारा आणि वीस-तीसदा फिरवा. जॅक सैल असेल तर आतली बाजू धरूनच बाहेरचा नट आवळा, नाहीतर आतल्या वायरी पिळून तुटतात. तारांना हात लावला की घूं आवाज थांबतो, हे योग्य आहे. हात लावल्यावर तो वाढत असेल किंवा मुळीच बदलत नसेल तर मल्टीमीटर ‘बीप’वर ठेवून ब्रिज आणि जॅकचा बाहेरचा भाग जोडून पाहा. बीप नाही आला तर ब्रिजखालची अर्थिंगची वायर सुटलीय. ब्रिज उचलून वायर लाकूड आणि धातूच्या मध्ये दाबा आणि दुसऱ्या टोकाला पॉटच्या पाठीवर डाग द्या.

पॅसिव्ह (बॅटरी नसलेली) गिटार असेल तर केबल लावून, व्हॉल्यूम पूर्ण ठेवून, केबलच्या मोकळ्या प्लगचं टोक आणि त्याची दांडी यांमध्ये साधारण 5 ते 12 किलोओम दिसले पाहिजेत. काहीच दिसत नसेल तर जोडणी किंवा पिकअप तुटलाय. पॉट बदलायचे ठरवले तर 250 के आणि टोनला 0.047 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर. मुंबईत लॅमिंग्टन रोडला, पुण्यात तापकीर गल्लीत हे सगळं थोडक्या पैशांत मिळतं. दुकानात जाताना जुना पॉट सोबत न्या, कारण स्वस्त गिटारमध्ये भोकं लहान पॉटची असतात. नऊ व्होल्टच्या बॅटरीची ॲक्टिव्ह गिटार असेल तर वाजवून झाल्यावर केबल काढून ठेवा, ती लावलेली असेपर्यंत बॅटरी उतरत राहते.

आवाज कशातून काढायचा

गिटारसोबत फुकट येणारा छोटा ॲम्प हिशेबात धरू नका. सहा इंची स्पीकरमधून ई तारेचा खालचा भाग ऐकूच येत नाही, आणि मग दोष गिटारला दिला जातो. होम थिएटरला थेट केबल लावली तर त्याचं इनपुट पिकअपवर भार टाकतं आणि आवाज दबका, मातकट येतो, शिवाय जोरात वाजवलं तर स्पीकर फाटतो. घरच्या रियाझाला बेससाठीचा हेडफोन ॲम्प किंवा ‘इन्स्ट्रुमेंट’ इनपुट असलेला ऑडिओ इंटरफेस आणि बरे हेडफोन पुरतात. ड्रमसोबत वाजवायची वेळ आली की 100 वॉटपासून पुढचा बेस ॲम्प लागेल. तोवर तो घेऊ नका, सराव खोल्यांत तो असतोच.

हवा आणि गिटार

मुंबई, कोकण आणि गोव्यात पावसाळाभर लाकूड ओलावा घेतं. नागपूर किंवा संभाजीनगरच्या उन्हाळ्यात ते आक्रसतं आणि घासून गुळगुळीत केलेली फ्रेटची टोकं पुन्हा बाहेर येतात. म्हणून बाकाचं माप वर्षातून दोनदा, जुलैत आणि जानेवारीत, पुन्हा घ्या. पाव फेऱ्यात भागतं. पावसाळ्यात वाजवून झालं की तारा कोरड्या फडक्याने पुसा आणि बॅगेत सिलिका जेलच्या पुड्या टाका. उघड्या लाकडाच्या फ्रेटबोर्डला वर्षातून एकदा फ्रेटबोर्ड ऑइलचे चार थेंब लावा. खोबरेल लावू नका, ते खवट होऊन धूळ धरतं. चकाकत्या पॉलिशच्या मेपल फ्रेटबोर्डला तेल लागतच नाही.

पुढे पैसे हाती आले तर पहिल्यांदा ट्यूनर बदला, जर सूर टिकत नसेल तरच. जुन्या ट्यूनरच्या भोकाचा व्यास आणि स्क्रूची जागा मोजूनच नवे मागवा. महागडे पिकअप या गिटारमध्ये घालू नका. चार-पाच हजारांचा पिकअप दहा हजारांच्या गिटारला घातला तरी विकताना ते पैसे परत येत नाहीत. ती रक्कम पुढच्या गिटारसाठी बाजूला ठेवा, आणि विकायची वेळ आली तर केलेल्या सेटअपची मापं कागदावर लिहून गिटारसोबत द्या.